मूठभर ब्लूबेरीची वाटी होईपर्यंत

रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी केली आणि आकडा आला ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "सकाळी काय खाता?"

मी म्हणाले, "ब्लूबेरीची स्मूदी. घरीच करते, विकतची नाही."

"त्यात काय काय घालता आणि किती, ते आठवडाभर काट्यावर वजन करून लिहून आणा."

मला ते लागलं. वर्षभर रोज सकाळी न चुकता मी ती स्मूदी करत होते. जांभळट रंग, वर चार ब्लूबेऱ्या, आणि आपण तब्येतीसाठी काहीतरी नीट करतोय हे समाधान. तरीही काटा काढला आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायला लागले.

दोन मध्यम केळी: साखर २८ ग्रॅम. मोठा ग्लास संत्र्याचा रस: २१. दोन चमचे मध: १२. आणि ज्या फळाच्या नावाने मी ही स्मूदी ओळखत होते, ती मूठभर ब्लूबेरी काट्यावर ५० ग्रॅम भरली. तिची साखर जेमतेम ५. बेरीज ६६ ग्रॅम, म्हणजे चहाचे सोळा चमचे. प्रथिनं मात्र पाच ग्रॅमसुद्धा भरत नव्हती. अकरा वाजता पोटात कावळे का ओरडतात, हे त्या कागदावर मला पहिल्यांदा दिसलं.

मग मी वाचायला बसले. जागतिक आरोग्य संघटना मधातली आणि फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवते. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाही. २०१५ च्या त्यांच्या मार्गदर्शनानुसार अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. माझ्या एका ग्लासात रस आणि मध मिळून ३३ ग्रॅम होते, तेही सकाळी आठच्या आत. ब्रिटनची आरोग्यसेवा तर रस आणि स्मूदी दोन्ही मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नका असं सांगते, कारण फळ वाटलं की पेशी फुटून आतली साखर मोकळी होते. माझा ग्लास अर्ध्या लिटरचा होता.

डॉक्टरांनी कागद वाचला. त्या रागावल्या नाहीत. "रस आणि मध उद्यापासून बंद. बाकीचं काय ठेवायचं ते तुम्हीच करून बघा, पण लिहीत राहा."

घरी येताना डोक्यात एकच विचार होता. या सगळ्या प्रकारात खरं चांगलं काय होतं? ब्लूबेरी. आणि तीच सगळ्यात कमी होती. १०० ग्रॅम ब्लूबेरीत ५७ कॅलरी, सुमारे १० ग्रॅम साखर, २.४ ग्रॅम तंतू, बाकी बहुतेक पाणीच, ८४ टक्के. म्हणजे तिची वाटीभर घ्यायलाही हरकत नव्हती. ठरवलं, आता ब्लूबेरी मुख्य आणि बाकी सगळं तिच्या आधाराला. तिची चव ज्याने झाकली जाते ते बाहेर.

पहिला प्रयत्न फसला. १५० ग्रॅम ताजी ब्लूबेरी, पाऊण ग्लास पाणी, मिक्सर. ग्लासात ओतलं तर वर गुलाबी फेस आणि खाली जांभळं पाणी. सालीचे काळपट ठिपके दातांना चिकटत होते. आंबट तर इतकं की नवऱ्याने एक घोट घेतला आणि काही न बोलता ग्लास माझ्याकडे सरकवला. मी तो पूर्ण प्यायले, पण हे रोज होणार नाही हे कळलं.

आंबटपणाचं कारण फळातच होतं, आणि ते शोधायला मला आठवडा लागला. मी डबी वरून बघून घ्यायचे. वरच्या ब्लूबेऱ्या निळ्याशार दिसल्या की झालं. आता एकेक हातात घेऊन देठाची बाजू बघते. तिथे तांबूस किंवा हिरवट कडं असेल तर ते फळ अर्धकच्चं तोडलेलं असतं. घरी ठेवून त्याचा रंग गडद होतो, ते मऊही पडतं, पण गोडी वाढत नाही, कारण नंतर साखर होईल असा पिठाचा साठा या फळात नसतोच. जी गोडी झाडावर आली तेवढीच. पूर्वी मी कच्च्या फळांच्या आंबटपणावर मध घालत होते. आता घेतानाच डबी उलटी करून तळ बघते, तिथे रस गळालेला दिसला तर ठेवून देते.

अंगावरच्या पांढुरक्या पावडरीचंही तसंच. मला ती धूळ किंवा औषधाची फवारणी वाटायची आणि घरी आल्याआल्या मी ब्लूबेऱ्या चोळून धुऊन, ओल्याच डब्यात भरायचे. चौथ्या दिवशी बुरशी. ती पावडर म्हणजे फळाने स्वतःच तयार केलेला मेणाचा पातळ थर असतो. तो आतलं पाणी आत ठेवतो. तो जितका शाबूत तितकं फळ ताजं. आता धुणं फक्त मिक्सरमध्ये टाकण्याआधी. तोवर कोरड्या डब्यात, खाली कागदी रुमाल, आणि एखादी चेपलेली दिसली की ती आधी बाहेर. एका नासक्या फळावरून बुरशी शेजारच्यांवर फार लवकर चढते.

खरा फरक पडला तो गोठवलेल्या ब्लूबेरीने. माझ्या मनात उगाच बसलं होतं की ताजं ते श्रेष्ठ आणि फ्रीझरमधलं म्हणजे नाइलाज. स्मूदीसाठी हे उलट आहे असं मी आता ठामपणे म्हणेन. ब्लूबेरीचा रंग ज्या अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांनी येतो, ती बहुतेक सालीत असतात. शेतात पिकवलेली ब्लूबेरी मधोमध कापून बघा, गर फिकट हिरवट असतो. गोठताना आत बर्फाचे स्फटिक तयार होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात, आणि वितळायला लागलं की सालीतला रंग बाहेर पडून सगळीकडे पसरतो. तशी ब्लूबेरी वाटली की साल बारीक होते, ठिपके उरत नाहीत. शिवाय थंडावा आणि दाटपणा दोन्ही फळातूनच मिळतं, बर्फ घालून चव पातळ करावी लागत नाही.

मी त्या न धुता गोठवते, कारण ओल्या गोठवल्या की साल चिवट होते. ताटात एका थरात, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये, मग पिशवीत. पिशवी हलवली की गोट्यांसारखा खळखळ आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, सुट्या राहिल्या. वापरताना चाळणीत घेऊन नळाखाली झटकन धरते.

पण या गोठलेल्या ब्लूबेरीनेच एका सकाळी मिक्सर बंद पाडला. घाई होती. भांड्यात आधी ब्लूबेऱ्या ओतल्या, त्यावर दही, झाकण लावलं आणि एकदम तीनवर फिरवला. क्षणभर दगड फिरावेत तसा खडखडाट झाला, मग आवाज अचानक बारीक आणि उंच झाला. भांड्यात काहीच हलत नव्हतं. पात्याभोवती पोकळी झाली होती आणि पातं नुसतं हवेत फिरत होतं. मी थांबवून, भांडं हलवून, पुन्हा सुरू केला. दुसऱ्यांदा गरम वास आला आणि तो बंदच पडला. जळला असं वाटून पोटात गोळा आला. मग उलटा केला तर बुडाशी ते लाल बटण दिसलं, मोटरवर ताण आला की आपोआप बाहेर येणारं. पंधरा मिनिटं थंड होऊ दिला, बटण दाबलं, सुरू झाला.

तेव्हापासून क्रम ठरला. सगळ्यात खाली पातळ पदार्थ, मग दही, मग जे काही पूड असेल ते, आणि गोठलेलं फळ सगळ्यात वर. ब्लूबेऱ्या आधी पाच मिनिटं बाहेर ठेवायच्या. सुरुवातीला चालू-बंद, चालू-बंद असे सहा-सात झटके, भांड्यात मधोमध भोवरा दिसायला लागला की मग सलग अर्धा-पाऊण मिनिट. भोवरा दिसत नसेल तर आणखी फिरवून उपयोग नाही, दोन चमचे पाणी हवं.

दह्यावर मी सहज आले नाही. आधी दूध घातलं. चव ठीक, पण रंग राखाडी निळा आला, मुलीने तोंड वाकडं केलं. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून दोघींनी मिळून एक गंमत केली. ब्लूबेरीचा चमचाभर लगदा तीन वाट्यांत घेतला. एकीत दूध, एकीत दही, एकीत लिंबाचे चार थेंब. लिंबाची वाटी डोळ्यांदेखत लालबुंद झाली. दह्याची गुलाबी जांभळी. दुधाची मळकट निळसर. मग तिने हट्टाने चौथ्या वाटीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला आणि लगदा हिरवट निळा झाला. अँथोसायनिन आंबटात लाल, उदासीन द्रवात जांभळं आणि क्षारात निळं-हिरवं दिसतं. पुस्तकातला लिटमस कागद तिने त्या दिवशी वाटीत पाहिला. मला त्यातून उत्तर मिळालं: दही. रंगासाठी आणि प्रथिनांसाठीही. कपड्यात बांधून पाणी काढलेलं दही घेतलं तर प्रथिनं आणखी वाढतात आणि आंबटपणा सौम्य करायला मध लागत नाही.

पालक मात्र फार काळ टिकला नाही. हिरव्या पानांचं सगळीकडे कौतुक वाचून मूठभर घातला होता. हिरवा आणि जांभळा मिळून चिखलाचा रंग झाला. चवीत फारसा फरक नव्हता, डोळे मिटून प्यायला हरकत नव्हती. तो बंद झाला तो सासूबाईंमुळे. त्यांना रक्त पातळ ठेवायचं औषध चालू आहे, वॉरफेरिन. त्यांनाही मी ग्लास द्यायला लागले होते. हे औषध घेणाऱ्यांनी आहारातलं के जीवनसत्त्व रोज साधारण सारखं ठेवायचं असतं. ते अचानक वाढलं की औषधाचा परिणाम कमी होतो. १०० ग्रॅम ब्लूबेरीत ते सुमारे १९ मायक्रोग्रॅम, तर तेवढ्याच कच्च्या पालकात सुमारे ४८० असतं. मी एक दिवस मूठभर घालत होते, एक दिवस अजिबात नाही. म्हणजे अगदी जे करायला नको तेच. त्यांच्या डॉक्टरांशी बोलले, पालक काढला, आणि त्यांच्या ब्लूबेरीचं माप १०० ग्रॅमवर पक्कं केलं. आपल्या घरी कोणी असं औषध घेत असेल तर नवीन काही रोजचं सुरू करण्याआधी विचारून घ्या, एवढं मी कळकळीने सांगते. मी विचारायला उशीर केला होता.

आता केळ्याबद्दल. हा विषय आमच्याकडे बरेच दिवस चालला. केळ्याने स्मूदी दाट होते, गोड होते, आणि नवऱ्याला तीच आवडते. मी आधी ते साखरेमुळे कमी केलं, दोनाचं अर्धं. मग २०२३ मध्ये फूड अँड फंक्शन या नियतकालिकात आलेला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास वाचनात आला. केळं कापलं की काळं पडतं ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. हे विकर केळ्यात भरपूर, बेरी फळांत कमी. त्यांनी त्याच लोकांना एकदा केळ्याची स्मूदी दिली, एकदा बेरींची, आणि फ्लॅव्हॅनॉल नावाच्या उपयुक्त द्रव्यांची कॅप्सूलही दिली. केळ्याची स्मूदी प्यायल्यावर त्यांच्या रक्तात ही द्रव्यं, नुसती कॅप्सूल घेतली तेव्हाच्या मानाने, ८४ टक्क्यांनी कमी आढळली. बेरीच्या स्मूदीत असं झालं नाही.

यावरून केळं वाईट ठरत नाही. ते चांगलंच फळ आहे. अभ्यास लहान आहे, आणि तो फ्लॅव्हॅनॉलपुरता आहे. पण ज्या फळातल्या या द्रव्यांसाठी मी एवढा खटाटोप करते, त्याच भांड्यात ती मोडणारं काही कशाला घालू? नवऱ्याला म्हटलं, केळं तुम्ही तासाभराने वेगळं खा. दोन दिवस कुरकुर झाली. मग दाटपणासाठी मी भाजून दळलेल्या जवसाची एक मोठा चमचा पूड घालायला लागले आणि विषय मिटला. जवस अख्खं घातलं तर तसंच बाहेर पडतं, दळूनच घ्यायला हवं. पूड ताजी आणि थोडी करते, ती लवकर खवट होते.

वाचता वाचता मी ब्लूबेरीच्या इतिहासात शिरले आणि त्यातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे फळ मूळचं उत्तर अमेरिकेचं, आणि शतकभरापूर्वीपर्यंत रानातूनच गोळा केलं जायचं. शेतात लावलं की रोप मरायचं. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की त्याला आम्लधर्मी माती लागते. त्याचे प्रयोग १९१० मध्ये छापून आले. ते वाचून न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट या शेतकरी कुटुंबातल्या बाईने त्याला आपल्या शेतावर बोलावलं. रानात फळं वेचणाऱ्या लोकांना तिने मोठ्यात मोठी फळं देणारी झुडपं शोधायला सांगितली, आणि झुडपांना शोधणाऱ्यांची नावं दिली. १९१६ मध्ये त्यांचं पहिलं पीक विकलं गेलं. आज डबीत येणारी टपोरी ब्लूबेरी या दोघांच्या खटपटीची. बाईच्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे. पण तिने मोठं फळ शोधलं आणि मी मिक्सरसाठी लहान शोधते. फळ जितकं लहान तितकी गराच्या मानाने साल जास्त, म्हणून गोठवलेल्या रानटी जातीच्या, चण्याएवढ्या ब्लूबेऱ्या मिळाल्या की मी त्याच घेते. त्यांचा रंग दह्यात असा काही उतरतो की चमचा बाहेर काढावासा वाटत नाही.

एक चूक मात्र आमच्या फार उपयोगी पडली. एका सकाळी मुलगी उशिरा उठली, तिचा ग्लास मी फ्रीजमध्ये ठेवला. तासाभराने काढला, तिरका केला, तर काही ओघळेना. पृष्ठभाग आरशासारखा, ग्लास हलवला की सगळं एकत्र थरथरायचं. नासलं असं वाटून मी ओतायला निघाले. वास घेतला, ताजा होता. चव घेतली, तीच. ब्लूबेरीत पेक्टिन असतं, ज्याने जॅम धरतो तेच. वाटल्यावर ते मोकळं होतं, आणि फळाच्या आंबटपणाबरोबर थोडा वेळ राहिलं की सगळं आळून बसतं.

"आई, हे चमच्याने खायचं का?" तिने विचारलं आणि खाल्लंसुद्धा.

तेव्हापासून आमची स्मूदी ग्लासातून वाटीत आली. मला यात मोठा फायदा दिसतो. ग्लास दोन मिनिटांत रिकामा व्हायचा, वाटीला दहा मिनिटं लागतात, आणि वर पाच-सहा अख्ख्या ब्लूबेऱ्या, थोडे अक्रोड टाकले की चावणंही होतं. पोट भरल्याची जाणीव व्हायला जो वेळ लागतो तो मिळतो. आता माझं माप असं: गोठवलेली ब्लूबेरी १५० ग्रॅम, घट्ट दही १५० ग्रॅम, जवसाची पूड एक मोठा चमचा, पाणी लागेल तसं. फळाची साखर १५ ग्रॅम, दह्याची थोडी, वरून काहीही नाही. अकरा वाजता भूक लागत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. ५.८. आनंद झाला, पण याचं श्रेय मी ब्लूबेरीला देणार नाही. त्याच काळात मी रोज पाऊण तास चालायला लागले होते आणि रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं होतं. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या, अमेरिकेतल्या पावणेदोन लाखांहून जास्त लोकांच्या दीर्घ नोंदींवरच्या अभ्यासात ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद अशी अख्खी फळं जास्त खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी आढळला होता आणि फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत जास्त. पण तो दोन गोष्टींचा संबंध आहे, औषधाचा पुरावा नव्हे. डॉक्टरही तेच म्हणाल्या: "वाटी चालू ठेवा, चालणं त्याहून चालू ठेवा."

सासूबाईंना दात कमी असल्याने अक्रोड चालत नाहीत. त्यांची वाटी साधी, वर काही नाही. आता मिक्सरचा आवाज थांबला की त्या खोलीतूनच विचारतात, "आज किती गं?"

"शंभर, आई. काट्यावर मोजून."

"मग आण."